कॉलेजात शिकणारी माणसं

कुलूपवाल्यानं लाल खूण केलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खिशातलं पेन काढलं.

"हे बघ, घोळ इथं आहे. घरातली कॉलेजात शिकणारी माणसं, दोन. दोन कुठून आणलीस? खोडतो."

लेकीनं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, ते खोडू नका."

आर्थिक मदतीच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघं बसली होती. लेकीचा अर्ज चुका काढून परत आला होता आणि दुरुस्तीला आजचाच दिवस होता. एक जरी गोष्ट खोटी निघाली तर मदत नाही, आणि मदत नाही तर कॉलेज नाही, हे खिडकीतल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. ती नको नको म्हणत असताना बाप दुकान बंद करून सोबत आला होता. पत्ता नीट झाला. उत्पन्नाच्या जागी महिन्याचा आकडा पडला होता, तो वर्षाचा झाला. राहिली ही ओळ.

"अगं, एकुलती एक तू. मग मी काय दुकानात बसून पदवी घेतोय?"

"तुम्ही नाही."

एवढंच बोलून तिनं मान खाली घातली. तीन माणसांचं घर. मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत. पेन त्याच्या हातात तसंच राहिलं.

"आई संध्याकाळी धुलाईच्या दुकानात असते," तो म्हणाला. "मीच सोडतो की तिला कोपऱ्यावर."

"तिथलं काम दुपारीच संपतं, बाबा. कोपऱ्यावरून ती पुढं चालत जाते."

"कधीपासून?"

"शेवटचं वर्ष आहे तिचं."

किल्ली हरवलेल्या कपाटाला कान लावून आतली कळ ओळखणारा हा माणूस. आपल्यापुढं काही बंद राहत नाही, ही त्याची गिऱ्हाइकांपुढची फुशारकी. आता तो नुसता बसून राहिला. राग यायला हवा होता, पण तोही कुठं वाट चुकला होता. भांडी घासता घासता बायको काहीतरी पुटपुटायची. देवाचं नाव घेत असेल, म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं.

लेकीनं मग हळूहळू सांगितलं. फार मागं आईनं एकदा शिकायचं बोलून दाखवलं होतं. शेजारपाजारचे लोक घरी बसले होते. बाबा हसले, मग सगळेच हसले. पुन्हा आईनं तो विषय काढला नाही.

कुलूपवाल्यानं डोक्याला ताण दिला. ते हसू त्याला काही केल्या आठवेना. लेकीचं मनगट आता त्यानं धरलं होतं.

तेवढ्यात बायको दारात आली. पुरावा हवा म्हणून, बाप सोबत निघायच्या आधीच, लेकीनं तिला फोन केला होता. हातात तिच्या कॉलेजच्या शिक्क्याचा कागद, चालून चालून लाल झालेला चेहरा. नवऱ्याला पाहिलं आणि पाऊल उंबऱ्यातच अडलं.

मग पुढं येऊन तिनं कागद लेकीच्या हातात दिला.

"पास झाले की सांगणार होते," ती नवऱ्याला म्हणाली.

"आणि नापास झाली असतीस तर?"

"तर नसतं सांगितलं."

लेकीनं कागद खिडकीत दिला. बाईंनी तो वाचला, दोनचा आकडा कायम ठेवला आणि अर्जावर शिक्का मारला. लेकीनं श्वास सोडला. कागद परत देताना बाईंनी विचारलं, की संध्याकाळच्या वर्गांनाही ही मदत मिळते, आईंनी कधी अर्ज केला नाही का? बायकोनं घाईघाईनं मान हलवली. या वयात कशाला ते, पोरीचं झालं, पुष्कळ झालं, असं काहीबाही ती म्हणत राहिली.

कुलूपवाला उठला आणि खिडकीत हात घातला.

"एक कोरा अर्ज द्या."

बाकावर बसून त्यानं बायकोचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. खालच्या ओळीवर पेन थांबलं. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, इतक्या हळू की तिला वाकावं लागलं.

"विषय कोणता लिहू?"