दगडातलं पाणी

मोहिनीच्या सत्काराच्या पत्रिकेत माझं नाव ‘घडवणारे गुरुजी’ म्हणून छापलं होतं. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नव्हता.

मोहिनी म्हणजे मेंढपाळ मुंजाजीची मुलगी. आज असेंद्रिय रसायनशास्त्रात तिला मान आहे. खनिजांच्या स्फटिकांत बारीक पोकळ्या असतात. त्यांत पाणी कसं राहतं, तापवल्यावर कसं सुटतं, यावर तिनं तीस वर्षं काम केलं. पाण्यातलं विष शोषणारा एक नवा स्फटिक प्रयोगशाळेत पहिल्यांदा तिनंच बनवला.

आठवीत असताना तिनं विहिरीच्या खोदकामात निघालेला पांढरा दगड शाळेत आणला होता. त्याचा चुरा परीक्षानळीत तापवला, तर नळीच्या गळ्याशी थेंब जमले.

“गुरुजी, दगडात पाणी हाय.”

“ओला आसंल.”

“न्हाई जी. चार दिवस उन्हात वाळवलाय.”

“मग तुमच्या मेंढरानं मुतलं आसंल त्याच्यावर,” मी म्हणालो.

वर्ग हसला. मीही हसलो. तिनं नळी ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. दहावी होईपर्यंत पोरं तिला ‘मुतखडा’ म्हणत. माझ्या कानावर यायचं, मी कुणाला अडवलं नाही. तो प्रयोग पुन्हा करून बघायला मला पाच मिनिटं लागली असती.

सत्काराच्या दिवशी मोहिनी बोलली ते एवढंच, “परीक्षानळी पहिल्यांदा गुरुजींनी हातात दिली.” पुढचं तिनं सांगितलं नाही. ते मला जास्त लागलं.

माझी पाळी आली. समोर सतरंजीवर आठवीची मुलं बसली होती. मी सगळं सांगितलं, तो विनोदसुद्धा, जसाच्या तसा. एक मुलगा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मोहिनीकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

खिशातून मी पुडी काढली. तसाच दगड होता; चार दिवस वाळवून कुटलेला. मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंनी माझ्या सांगण्यावरून स्पिरिटचा दिवा आणून ठेवला होता. मुलं टेबलाभोवती जमली. मी नळी चिमट्यात धरली, पण काच दिव्यावर आपटायला लागली.

मोहिनी शेजारी येऊन उभी राहिली. “गुरुजी, हात लई कापतोय. मी धरू का?”

“नको,” मी म्हणालो. “तवा बघितलं न्हाई. आता बघू दे.”

नळीच्या गळ्याशी पहिला थेंब जमला.