झोपलेलीची धर्ममाता

मरोळच्या चर्चच्या पायरीवर जेसिंटा अडून बसली होती. धाकट्या बहिणीला आपल्या तान्ह्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, हवी होती.

"दुसरी कोणी बघ गं, लोर्ना. मी कित्येक वर्षं इकडे फिरकलेच नाही. बाप्तिस्म्यात माझ्या वतीने देवाला दिलेला शब्द मी कुठे पाळला?"

शेजारी उभी असलेली त्यांची आई हसली. "तुझ्या बाप्तिस्म्याला तू ढाराढूर झोपली होतीस. डोक्यावर पाणी पडलं तरी जागी झाली नाहीस. त्या दिवशी देवाने तुला आपली म्हटलं. आता तुझी हजेरी बघून तो शब्द फिरवणार आहे होय?"

जेसिंटाने लोर्नाच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. "आणि ही रडली तर?"

"तरी त्याचीच."

जेसिंटाने हात पुढे केले. भाची तिच्या खांद्यावर आली आणि आत पोचेपर्यंत चक्क घोरू लागली.