नांगराचा फोटो

"ते फोटो कुणाला दाखवलेस?" बोटमालकाने दारातूनच विचारलं.

कॅमेऱ्याचं पाणबंद कवच पुसणारा तिचा हात थांबला नाही. "आत या," ती म्हणाली.

लोक तिला कासवबाई म्हणत. कासवांच्या गालावरचे खवले प्रत्येकाचे वेगळे असतात. ती पाण्याखाली त्यांचे फोटो काढून कुठलं कासव परतलं, कुठलं नाही, हे संवर्धन कार्यालयाला कळवायची. प्रवाळाचेही फोटो काढायची, दर महिन्याला, त्याच जागेवरून.

तिचा धाकटा भाऊ पाणबुड्या होता. कासवांच्या अंगात रुतलेली जाळी कापून सोडवायचा. तीन वर्षांपूर्वी तो वर यायला आणि या माणसाची बोट डोक्यावर यायला एकच गाठ पडली; भाऊ जागीच गेला. चौकशीत मालकाने सांगितलं, "तो प्यायलेला होता. स्वतःच बोटीच्या पंख्याखाली आला." प्रकरण मिटलं. तेव्हापासून आईने बाहेर जाणं सोडलं आणि कासवबाईने डूख धरला.

गेल्या आठवड्यात हा मालक तिच्या तावडीत सापडला. शेकडो वर्षांचं प्रवाळ मधोमध दुभंगलं होतं, त्यात नांगर रुतला होता आणि नांगरावर रंगाने बोटीचं नाव लिहिलं होतं. तिने सहा फोटो घेतले. मग नांगराच्या दोराला धरून वर येऊन बोटीचा नंबर आणि काठाला वाकलेला मालकही टिपला.

"माझा परवाना जाईल," तो आता म्हणाला. "काय हवंय तुला?"

"आईसमोर खरं बोला."

आई आतून येऊन खुर्चीत बसली.

"तो प्यायलेला नव्हता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिथून बोट न्यायला बंदी होती. मी नेली. वेगात होतो."

"त्यानं हाक मारली होती का?" आईने विचारलं.

"हात वर केला होता. मला वाटलं, होईल बाजूला."

मग तो कासवबाईकडे वळला. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता दे ते फोटो."

"ते कालच कार्यालयात दिले."

त्याचा चेहरा पडला. "मग मला कशाला बोलायला लावलंस?"

"माझ्या भावाला तुम्ही बेवडा ठरवलंत, त्यासाठी. नांगराचा हिशोब वेगळा."

त्याने आशेने आईकडे पाहिलं.

"जाताना दार ओढून घ्या," आई म्हणाली.

महिन्याभरात परवाना रद्द झाला. ती बातमी घेऊन घाईघाईने घरी आली. वाटभर मनात उकळ्या फुटत होत्या. आईने सगळं ऐकून घेतलं.

"कुठला हात वर केला असेल गं त्यानं?" तिने विचारलं.

"डावा. सगळं डाव्यानंच करायचा ना तो."

"हो," आई म्हणाली. तिने आपला डावा हात खांद्यापर्यंत उचलला, क्षणभर तसाच धरला आणि हळूच मांडीवर ठेवला.