कारणाचा रकाना

पाच महिन्यांचं बाळ आईकडे सोपवून ती कामावर रुजू झाली, आणि पहिल्याच सकाळी विभागाच्या साहेबांनी तिच्यापुढे सहीला कागद सरकवला. गेल्या सोमवारी हॉस्पिटलचा मोठा सर्व्हर चाळीस मिनिटं बंद पडला होता. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस, आणि डॉक्टरांना त्याचा एक्स-रे उघडेना. कागदावर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रजेवर जाण्यापूर्वी घाईत केलेली सदोष मांडणी.’

मांडणी तिचीच. नाव घातलं नव्हतं, एवढाच काय तो उपकार.

बारा वाजता वरिष्ठांची बैठक आहे, तेवढी सही करून टाका, असं साहेब म्हणाले. दिवस भरत आले की बायकांचं लक्ष जरा इकडेतिकडे होतंच, कुणी मनावर घेत नाही, अशी समजूतही घातली. आणि ओघात सांगून टाकलं की यापुढे तिला सर्व्हरवरून काढून तक्रारींचे फोन घ्यायला बसवणार. तिच्याच सोयीसाठी, बाळ लहान आहे ना.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. रजेवर जाण्यापूर्वी, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकून तिने ती मांडणी तीनदा तपासली होती. सर्व्हरपासून एक्स-रे साठवणाऱ्या डिस्कच्या कपाटापर्यंत दोन वेगळ्या वाटा, दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे केबल जोडायच्या दोन पेट्यांमधून. एक स्विच मेला तर काम दुसऱ्यावरून चालावं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. निळी केबल उपटून पाहिली, काम चालू. ती लावून पिवळी उपटली, तरी चालू.

वाचून सही करते म्हणून ती थेट सर्व्हरच्या खोलीत गेली.

स्क्रीनवर दोन्ही वाटा ‘चालू’ दिसत होत्या. यालाच सगळे फसले होते: वाटा दोन आहेत, तरी बंद पडला, म्हणजे सेटिंगच चुकलेली. तिने पुढचे आकडे वाचले. तिच्या जुन्या प्रिंटवर दोन वाटांपुढे डिस्कच्या कपाटाच्या दोन वेगळ्या दारांचे, म्हणजे पोर्टचे, क्रमांक होते, प्रत्येक स्विचचं आपलं एक. आता दोन्हींपुढे एकच. तिने त्याचीही प्रिंट काढली.

ती रॅकच्या मागे शिरली. केबल घट्ट वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या. तिने पिवळी चिमटीत धरली आणि बोटांनी माग काढत गेली. लांबच्या स्विचकडे जायची ती अर्ध्यातूनच वळली होती आणि निळीच्या शेजारी, जवळच्या स्विचमध्ये घुसली होती. सोमवारी हाच जवळचा स्विच गेला होता, एवढं कागदावरही होतं. जाताना दोन्ही वाटा घेऊन गेला.

वेणी कुणाची, हे विचारायला नको होतं. सगळा विभाग ज्यांना टापटीपकाका म्हणतो ते म्हातारे तंत्रज्ञ दारात उभे होते, चेहरा उतरलेला.

“तू रजेवर असताना पाहुणे येणार होते गं खोली बघायला,” ते म्हणाले. “साहेब म्हणाले, हे लोंबकळतंय ते फोटोत वाईट दिसतं, जवळ लावा. मी म्हटलं, दोन स्विच मुद्दाम ठेवलेत. तर म्हणाले, स्क्रीनवर दोन दिसतायत ना, मग झालं.”

“मग सोमवारी गप्प का बसलात, काका?”

“निवृत्तीला सहा महिने राहिलेत माझ्या.”

बारा वाजत आले होते. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली. ती फाइल छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेली आणि दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून सगळं सांगितलं.

साहेब जराही वरमले नाहीत. “मग सोपंच आहे. तुमची ओळ खोडू, टापटीपचं नाव घालू. तुम्ही सुटलात.”

सुटलात. इतका वेळ तिचा राग स्वतःपुरता होता. आता तसा राहिला नाही. तिकडे एक माणूस पोट उघडं टाकून चाळीस मिनिटं पडला होता, आणि इकडे खापर फोडायला फक्त एक डोकं हवं होतं, कुणाचंही चाललं असतं.

तिने त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: ‘पाहुण्यांच्या भेटीसाठी, विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून, दोन्ही केबल एकाच स्विचला जोडल्या. तंत्रज्ञांनी आधीच हरकत घेतली होती.’ खाली ठसठशीत सही केली.

“हे असं वर जाणार नाही,” साहेब म्हणाले.

“मीच घेऊन जाते. वीस मिनिटं उशीर होईल, तेवढं सांगा त्यांना. दूध काढायचंय.”

बाहेर काका भिंतीला टेकून उभे होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला, शेवटच्या वाक्यावर थांबले, पुन्हा वाचला.

“हे मी बोललो होतो,” ते म्हणाले.

“तुम्हीच सांगा मग बैठकीत.”

ती दूध काढायला स्टोअररूमकडे वळली. काका कागद घेऊन बैठकीच्या खोलीपर्यंत गेले, दारावर टकटक केली आणि तिची वाट न बघता आत शिरले.