मधल्या खिडकीची मोटर अजून फिरते

मी बोलतेय. जळगाव ते धुळे, अख्ख्या रस्त्यावरचा वारा माझ्या परवानगीशिवाय आत येत नाही. म्हणजे एकाच व्हॅनच्या आत. तिच्याही चार काचा, त्यातली माझी एक, मधल्या सीटची डावी. आणि परवानगी तरी कसली, बटण दाबणारा दाबतो, मी काच वर-खाली करते. पण साधी मोटर असले तरी भंगार नाही, हे आधीच सांगून ठेवते. समोरचा मिस्त्री माझ्याकडे त्याच नजरेनं बघतोय.

माझं शिक्षण दोन इयत्ता. पहिलीत वर, दुसरीत खाली. कारखान्यात तांब्याची तार गुंडाळली, लोहचुंबक आणि कार्बनचे तुकडे बसवले, डबा बंद केला, पास. मग दाराच्या पोटात जी कोंडली ती आठ वर्षं. जग मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

ऐकून एवढं कळलं, की काच हलली नाही तर माणूस तेच बटण आणखी जोरात दाबतो. जसं काही मला कमी ऐकू येतं.

माझा मालक लखीचंद शेठ. जळगावात तेलाचं दुकान. घरात काहीही कुरकुरलं, कपाटाचं दार असो की आईचा गुडघा, त्याचा इलाज एकच, शेंगदाणा तेल. माझी काच जरा किरकिरली तर पठ्ठ्यानं खाचेत बाटलीनं तेल सोडलं. दर महिन्याला. त्यावर आपल्याकडची धूळ बसली आणि खाचेत चिखल झाला. उजवीकडची माझी जोडीदारीण त्यानंच गेली, तिची काच दिवाळीपासून वरच आहे. मी मात्र चिखलातून काच ओढत राहिले.

आणि मजा केली. घरी हट्टानं थांबायचे, गॅरेजमध्ये नेलं की झोकात चालायचे. तीनदा असं केलं. तिन्ही वेळा जळगावचा मिस्त्री शेठकडे बघून हसला आणि शेठ कान खाजवत परतला. मग दारावर बुक्की मारली की मी हलायचे, त्याला वाटायचं आपल्या हातात कला आहे.

खरं सांगू? उन्हात दार तापलं की मला धापच लागायची. गॅरेजच्या सावलीत जरा निवले की जमायचं. पण दम लागला म्हणण्यापेक्षा खोडी केली म्हणणं बरं दिसतं.

माझ्या खिडकीशी बसायच्या शेठच्या आई, चंदनबाई. त्यांना गाडी लागते. एसीच्या वासानं तर जास्तच. पुढच्या सीटवर पट्टा पोट आवळतो. त्यांना हवी उघडी खिडकी, तोंडावर वारा आणि दाढेखाली लवंग. काच उतरली की म्हणायच्या, "हां, आता बरं." ते मलाच, असं मी धरून चालते.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पिंपळनेरला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वर्षीतपाचं पारणं आहे. तेरा महिने एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं करत आलेली ती बाई उद्या सकाळी उसाचा रस घेणार. पहिला घोट थोरलीच्याच हातून घेईन, असं तिनं कळवलंय. म्हणून आज दुपारी हे मायलेक निघाले, आणि पारोळ्याच्या पुढे मी थांबले. काच वरच.

बुक्की झाली, शिव्या झाल्या. धुळ्यापर्यंत चंदनबाईंना दोनदा उलटी झाली. धुळ्याच्या देवपुरात गॅरेजसमोर त्या उतरल्या त्या लिंबाखाली खुर्चीवर बसल्या. शेठ म्हणाला, एसी फुल करतो, दोन तासांचा तर प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, मी एसटीनं जाते, तिची खिडकी हातानं उघडते.

पितांबर मिस्त्रीनं दाराचं पॅड काढलं. स्क्रू-ड्रायव्हरनं खाचेतला काळा लगदा खरवडला, बोटाला लावून हुंगला.

"शेठ, हाई शेंगदाणानं तेल शे का?"

"घाण्याचं आहे," शेठ अभिमानानं म्हणाला.

मग मला सोडवून टेबलावर ठेवलं. शेजारी नवी मोटर, पिशवीतच. गोरीगोमटी, अजून एक उन्हाळा पाहिलेला नाही. तिला माझ्या जागी घालणार, आणि मी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात. टाकून तर बघा, म्हटलं.

जाता जाता पितांबरनं बॅटरीच्या दोन वायरी मला टेकवल्या. तासभर सावलीत निवले होते. फिरले की मी. आठ वर्षांत फिरले नाही अशी फिरले. डोक्यावर काच नव्हती हे खरं, पण ते मी कशाला सांगू.

पितांबर खाली वाकून ऐकत राहिला. "मरेल नही शे," तो म्हणाला, "थकेल शे." मेलेली नाही, नुसती थकलेली.

शेठचा चेहरा खुलला. जुनी वस्तू टाकताना त्याचा जीव तुटतो. फिरतेय तर हीच बसव म्हणाला, खाच तेवढी पुसून घे. पितांबरनं नवीची पिशवी बाजूला सरकवली.

बघितलंत? आता तुम्हीच सांगा चंदनबाई. धाप तुम्हालाही लागते. मग तुम्हाला कुणी डब्यात टाकलं का? घाला मला परत दारात. पिंपळनेरपर्यंत तुमच्या तोंडावर वारा घालीन. जमलं तर परतताना पण.

चंदनबाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत टेबलापाशी आल्या. मी आणखी जोरात गरगरले. त्यांनी चष्मा वर सरकवून मला नीट पाहिलं.

"छान फिरतेय रे," त्या म्हणाल्या. "पण मी काय टेबलावर बसून जाणार आहे का पिंपळनेरला?"