बर्फ पाहणारं भिंग

मी भिंग बोलतोय. पितळेच्या कड्यातलं, लाकडी मुठीचं, तळहातात मावणारं. सध्या मुक्काम वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, सरूबाईंच्या खिडकीत.

माझा जन्म अंधेरीतल्या एका चष्मेवाल्याकडचा. बळवंत कोळ्यानं मला घेतलं ते बोटांत घुसलेले मासळीचे काटे काढायला. त्याला आणि सरूबाईंना दोन मुलगे. धाकटा लवू बापाबरोबर होडीवर जायचा, थोरला अनंता शिकायचा. एम.एस्सी. होऊन अनंताला हवामानाच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा बळवंतनं मला त्याच्या हातात ठेवलं. म्हणाला, "घे. तुज्या कामाला येल." त्याच वर्षी, सहासष्ट साली, बळवंत वारला.

कचेरीत एक यंत्र होतं. आकाशातून फिरणारा उपग्रह फोटो पाठवी आणि यंत्रातून ओलसर कागद सरकत बाहेर येई. अनंता मला त्यावर धरून ढग शोधायचा. नीट दिसलं नाही की शर्टाच्या टोकानं मला पुसायचा. माणसांचं असंच असतं, दिसेनासं झालं की आधी काच पुसतात.

सत्तर सालच्या दिवाळीआधी अनंतानं अशाच एका कागदावर वादळाचा भोवरा ओळखला. इशारा लगेच रेडिओवर गेला. पण वर्सोव्याच्या होड्या तोवर खोल समुद्रात पोचल्या होत्या आणि लवूच्या होडीवर रेडिओ नव्हता. बाकीच्या होड्या परतल्या. लवूची परतली नाही.

काही दिवसांनी सरूबाईंनी विचारलं, "अनंता, तुजे फोटोन लवूची होरी दिसतंय का रं?"

"आये, त्या फोटोत आख्खी मुंबई मोहरीएवढी असते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अनंता रडला नाही. दहाव्याला लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो जेवला, हात धुतले, दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मला नेहमीसारखं कागदावर धरलं. काच असून मला त्याचं नवल वाटलं.

परदेशातून टपालानं ध्रुवाकडच्या बर्फाचे फोटो येत. ते कुलपातल्या कपाटात पडून असत. अनंता कचेरीचे प्रमुख कर्णिकसाहेब यांच्याकडे गेला.

"मला ते बर्फाचे द्या."

"मुंबईत बसून बर्फ? काय करणार त्याचं?"

"तिथं होड्या नसतात, साहेब."

 साहेबांनी कपाटाची किल्ली दिली.

पुढची वर्षं मी फक्त पांढरं पाहिलं. ढग कुठला, बर्फ कुठला, हे एका फोटोत कळत नाही. रोजचे फोटो शेजारी ठेवले की हलतो तो ढग, राहतो तो बर्फ. अनंता ते निवांत करत बसे. लग्नाची स्थळं येत, तो हो म्हणे ना, नाही म्हणे ना. स्थळं आपोआप थांबली.

मग अंधारातही बर्फ पाहणारा नवा उपग्रह आला. त्याच्या चित्रांत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, दक्षिण ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्राच्या मध्यावर मोकळ्या पाण्याचा भला मोठा डाग दिसला.

"यंत्राची चूक असेल," कर्णिकसाहेब म्हणाले.

"असेल," अनंता म्हणाला आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहिली. डाग पुन्हा आला, थोडा सरकून. त्यानं त्यावर शोधनिबंध लिहिला. त्या भागात निघालेल्या एका परदेशी संशोधन जहाजावर यायचं का, अशी विचारणा झाली.

दोन आठवडे त्यानं घरी याचा विषयच काढला नाही. एकदा सरूबाई बाजारातून टोपली रिकामी करून आल्या, तेव्हा त्यानं सांगितलं.

"तिथं बरफाखाली काय हाय?" त्यांनी विचारलं.

"समुद्रच."

त्या बराच वेळ पाय धूत राहिल्या. "जा. बगून ये. वरशी आभालातून बगून काय कलतंय?"

तो गेला. जहाजावर चांगली यंत्रं होती, म्हणून मी इथंच राहिलो.

परवा त्याचा फोटो आला. डेकवर उभा आहे, अंगात जाडजूड कोट, मागे बर्फ आणि काळं पाणी. सरूबाईंनी मला त्याच्या चेहऱ्यावर धरलं. मी जमेल तेवढा मोठा करून दाखवला.

शेजारची मथुरा डोकावली. "थंडीनं डोळ्यांतून पाणी आलंय."

"नाय," सरूबाई म्हणाल्या. "रडलाय तो."

मग त्या खाली बसल्या. "बरा झाला," एवढंच बोलल्या.

तो फोटो आता खिडकीत असतो, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर मी. माझ्या मुठीला भेग गेलीय, कडं काळवंडलंय, त्याचं काही नाही. एकच विनंती आहे. ही खिडकी पश्चिमेची आहे. ऊन आत यायच्या आधी मला कोणीतरी इथून उचला. माझ्याखाली अनंता आहे, जळेल.