क पुसलेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझा क पुसला गेला आहे. बाकीची अक्षरं अजून बऱ्यापैकी वाचता येतात. ठ आणि ढ तर कालच दुकानातून आणल्यासारखे कोरे करकरीत आहेत. क च्या जागी मात्र एक गुळगुळीत खळगा उरला आहे. तो कसा पडला ते मी आज तुम्हाला सांगणार आहे, मित्रांनो. ही गोष्ट तुमच्यासारख्याच एका मुलीची आहे, तिच्या आईची आहे, आणि अधूनमधून माझी.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो आणि एकेक बटण माझ्या अंगावर येऊन बसत होतं. पट्ट्याच्या शेवटी एक तपासनीस बाई होत्या. त्या डोळे मिटून सगळ्या बटणांवरून बोटं फिरवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. माझ्यावरून बोटं फिरवल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, की हा जरा तोंडाळ आहे, पण पक्का आहे. मला तेव्हा वाईट वाटलं. पुढे याच तोंडाळपणाचा उपयोग होणार आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

माझी पहिली नोकरी मालवाहतुकीच्या एका कार्यालयात झाली. तिथले एक कारकून दोनच बोटांनी टाइप करायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे दोनबोटे म्हणायचे. शेजारच्या टेबलावरून टोमणा यायचा, की साहेब, पत्र लिहिताय की खिळे ठोकताय? दोनबोटे हसायचे आणि आणखी जोरात ठोकायचे. पण माणूस मायेचा. त्यांनी एक जुना टूथब्रश खास माझ्यासाठी ठेवला होता आणि शनिवारी घरी जायच्या आधी ते माझ्या फटी साफ करायचे. दुसरे कीबोर्ड आले, बिघडले, गेले. मी टिकलो. "आपला हा म्हातारा लोखंडी आहे," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि मी तेव्हा म्हातारा नव्हतो तरी मला ते आवडायचं.

मग एक दिवस कार्यालयात पातळ, मुके कीबोर्ड आले आणि आम्हा जुन्यांना खोक्यात भरलं गेलं. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, त्या मुंगीचे बाबा त्याच कार्यालयात कामाला होते. त्यांनी खोक्यात डोकावून मला उचललं आणि पिशवीत घालून घरी आणलं. त्याचं कारण असं, की मुंगीने लॅपटॉपला कपभर दूध पाजलं होतं. लॅपटॉप वाचला, पण त्याची निम्मी बटणं चिकटून बसली. बाबांनी माझी वायर जोडली आणि मुंगीच्या आईला म्हणाले, "सध्या चालवून घे." मित्रांनो, आपल्या घरांत 'सध्या' आलेली वस्तू वर्षानुवर्षं राहते. आईने माझ्यावर आपल्या अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला माझा मुक्काम पडला.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हतं. ती आवाज न करता कुठेही पोचायची, अगदी बरणीतल्या साखरेपर्यंतही, म्हणून आजी तिला मुंगी म्हणायची. मग सगळेच म्हणायला लागले.

आई घरी बसून लिहिण्याचं काम करायची. लहान मुलांचे कपडे आणि खेळणी विकणारी एक कंपनी होती, तिच्या वेबसाइटसाठी दर आठवड्याला एक लेख. आईबापांच्या उपयोगाचा. आता दर आठवड्याला नवं काय आणायचं? विषय काही झाडाला लागत नाहीत. पण संपादकबाईंनी तिला एक रीत शिकवली होती. लोक इंटरनेटवर काय विचारतात ते बघायचं आणि त्यातूनच विषय काढायचा. आपल्याला काय सांगावंसं वाटतं ते बाजूला ठेवायचं.

म्हणून आई माझ्यावर 'बाळ का' एवढंच टाइप करायची आणि हात उचलायची. शोधायच्या रकान्याखाली पुढचे शब्द आपोआप उमटायचे. बाळ का शिंकतं, बाळ का अंगठा चोखतं, बाळ का दचकतं. हे सगळं आधी कुणीतरी विचारलेलं. अर्धा प्रश्न माझा, उरलेला जगाचा. मग 'बाळाला कधी', मग 'बाळाला किती', मग 'बाळाचं काय'. आपल्या भाषेत विचारायचं म्हटलं की पहिल्यांदा मार खातो तो क. बघता बघता त्याचा स्टिकर उडाला, आणि मग खालचं अक्षरही.

एक गोष्ट मात्र कीबोर्डच्या नशिबात नसते. आम्हाला पडदा दिसत नाही. मी टेबलावर उताणा पडलेला, मला दिसतं ते छत, पंखा आणि लिहिणाऱ्याचा चेहरा. सगळे प्रश्न माझ्या अंगावरून जातात, पण उत्तरं मला चेहऱ्यावरून वाचावी लागतात.

त्या घरात आल्यावर थोड्याच दिवसांत मला कळलं, की आईच्या चेहऱ्यावर एक प्रश्न कायमचा राहायला आला आहे. मुंगी दोन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. एक 'ऊं' सोडला तर काही नाही. हाक मारली तरी कधी बघायची, कधी नाही. आई काम करता करता मुद्दाम चमचा पाडायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मुंगीकडे पाहायची. मुंगी कधी वळायची, कधी नाही. त्यावरून काही ठरत नव्हतं. आजी म्हणायची, "आमचा हा तरी कुठे लवकर बोलला? आणि बोलायला लागला तो अजून थांबलाय का?" यावर बाबासुद्धा हसायचे. आईही हसायची, पण तिचे डोळे हसत नसायचे.

मुंगीची एक सवय होती. आई टाइप करायला लागली की ती खुर्चीवर चढून माझ्या शेजारी टेबलावर गाल टेकायची. आणि मग हसायची, गुदगुल्या झाल्यासारखी. मी जितका जोरात वाजायचो तितकी ती जास्त हसायची. आईला वाटायचं, लेकीला आपलं काम आवडतं. मलाही वाटायचं, चला, आपला आवाज आवडणारं कुणीतरी या जगात आहे.

लेखाचं काम थांबवून आई मधेच तिचा स्वतःचा प्रश्न टाइप करायची. मूल कधी बोलायला लागतं. मूल हाकेला ओ का देत नाही. उत्तर वाचायची, पुसून टाकायची आणि कामाला लागायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जणू मधल्या वेळात उत्तर बदललं असेल. शेवटी तिने धीर करून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आणि मग एका सकाळी लेखाचा विषय शोधायला तिने 'मूल का' टाइप केलं, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने आजीला हाक मारली. म्हणाली, बघा ना, सगळ्यात वर हाच प्रश्न येतोय, मूल का बोलत नाही. त्याच्याखाली पुन्हा तेच, जरा वेगळ्या शब्दांत. म्हणजे किती जणी विचारत असतील. सगळ्यांचंच असं असतं तर.

आजी म्हणाली, की मी इतके दिवस दुसरं काय सांगत होते?

आईने फोन करून डॉक्टरांची वेळ रद्द केली. त्या दिवशी ती माझ्यावर गाणं गुणगुणत टाइप करत होती.

मित्रांनो, मी वायरीने बांधलेला एक कीबोर्ड. हजारो बायका तोच प्रश्न विचारतात याचा मलाही आनंद झाला. प्रत्येक वेळी तो प्रश्न माझ्याच अंगावरून गेला होता, हे मला ठाऊक होतं. पण त्या दोन गोष्टी जोडायला लागतं ते डोकं माझ्याकडे नव्हतं.

त्या आठवड्याचा लेख निघाला उशिरा बोलणाऱ्या मुलांवर. पुढचाही जवळपास त्यावरच. त्याच्या पुढचा हाक आणि ओ यांच्यावर. मग संपादकबाईंचा फोन आला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला, आणि मला सगळं ऐकू आलं.

संपादकबाई आधी लेखांची भाषा छान आहे असं म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या.

"एक विचारू? हे तिन्ही प्रश्न एकाच आईने विचारल्यासारखे वाटतात. कुठून काढता?"

"शोधूनच काढते. सगळ्यात वर तेच येतात."

"तुमच्या स्वतःच्या खात्यातून शोधता?"

आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"अहो, मशीन आपलंच उष्टं आपल्याला वाढतं," संपादकबाई म्हणाल्या. "आपण परवा जे विचारलं तेच आज पुढ्यात ठेवतं. जरा अनोळखी होऊन विचारून बघा. मग लोक दिसतील."

फोन ठेवल्यावर आई माझ्यासमोर बसली. माझी तीन बटणं एकदम दाबली की एक कोरी खिडकी उघडते. समोर बसलेलं माणूस कोण, हे तिला माहीत नसतं. त्या खिडकीत आईने 'मूल का' टाइप केलं आणि हात उचलला.

ती पुटपुटत वाचत होती. मूल का झोपत नाही. मूल का जेवत नाही. मूल का चावतं. ती खाली गेली, आणखी खाली गेली. तिचा प्रश्न तिथे नव्हता. तिच्या सोबतीला बसलेल्या त्या हजारो बायका एकेक करून उठून गेल्या, आणि टेबलापाशी ती एकटी उरली.

एकटी नाही. मुंगी नेहमीसारखी येऊन टेबलाला गाल लावून बसली होती, मी कधी वाजतो याची वाट बघत. आईने सवयीने क दाबला. मुंगी हसली. आईने पुन्हा दाबला, जरा जोरात. मुंगी पुन्हा हसली. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मला दोन्ही हातांनी उचललं, टेबलावरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तोच क ठोकला. दोनबोट्यांसारखा, खिळा ठोकावा तसा.

आवाज तोच होता, मित्रांनो. तेवढाच तोंडाळ. पण मुंगीला काही कळलं नाही. तिने गाल उचलला, टेबलाकडे पाहिलं आणि त्यावर हाताने थोपटलं. आत कुणीतरी राहत होतं आणि आता गेलं, असं.

आईने मला हलकेच परत टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

दवाखान्यात मी नव्हतो. आल्यावर आई आजीला टेबलापाशी बसून सांगत होती तेवढंच मला माहीत. डॉक्टरांनी म्हणे उत्तर द्यायच्या आधी तिलाच प्रश्न विचारले. मुंगी कधी वळते, कधी वळत नाही, कशाने हसते. आईने माझी आणि टेबलाची हकिकत सांगितली तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, पुन्हा सांगा. तपासण्या झाल्या. मुंगीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. तिला ऐकू यायचं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. टेबलातून गालाला लागायची ती माझी थरथर मात्र तिला कळायची. लहान मुलांत असं होतं, ते काढता येतं, असं डॉक्टर म्हणाले. आजीने उठून आईच्या ताटात आधी वाढलं.

छोटीशी शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या एका दुपारी मुंगी दाराजवळ आमच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. आईने टाइप करायला सुरुवात केली आणि मुंगी गर्रकन वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला पाठमोरं ऐकलं. ती धावत आली, माझ्यावर बोट ठेवून तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "खट."

हा तिचा पहिला शब्द. आजीने सगळ्यांना फोन करून सांगितलं, की नातीचा पहिला शब्द आजी नाही, आई नाही, खट. बाबा म्हणाले, की माझ्यावर गेलीये, पहिल्यापासून ऑफिसचं बोलतेय.

मग आईने मूल का बोलत नाही यावरच पुन्हा एक लेख लिहायला घेतला. या वेळी अगदी सावकाश. संपादकबाईंनी तो वाचून फोन केला आणि म्हणाल्या, की छान आहे, पण हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, तुम्हीच बघितलंत ना.

"हो," आई म्हणाली. "पण जी विचारते ती रोज विचारते. तिला डॉक्टरांकडे पाठवायला कुणीतरी हवं."

संपादकबाईंनी लेख छापला. शेवटच्या ओळीसकट. त्या ओळीत लिहिलं होतं, की हे वाचून झालं असेल तर आता पडदा बंद करा आणि वेळ घ्या.

आता माझं कामाचं वय सरलं. बाबांनी आईला वाढदिवसाला बिनआवाजाचा नवा कीबोर्ड आणला. मी मुंगीच्या खेळण्यांच्या फळीवर, एका कानतुटक्या सशाशेजारी असतो. माझ्या लांब पट्टीखाली बिस्किटाचा चुरा अडकला आहे. कधी कधी दोनबोट्यांच्या टूथब्रशची आठवण येते. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला अधूनमधून उलटा करून झटका, फडक्याने पुसा, दूध लांब ठेवा. आणि मित्रांनो, आणखी एक मागणं आहे. माझ्या अंगावरून आयुष्यभर प्रश्न गेले. त्यांतले कितीतरी खरं म्हणजे समोरच्या माणसाला विचारायचे होते. तेव्हा काही दुखलं, खुपलं, कळलं नाही, तर आधी माणसाकडे जा. आणि तुम्हाला कुणी काही विचारलं तर वळून बघा.

काल मुंगीने मला फळीवरून ओढून मांडीवर घेतलं. आता ती दिवसभर बोलते. थांबायचं नाव नाही; आजी म्हणते ते खरं ठरलं. तिने तो गुळगुळीत खळगा बोटाने चाचपला आणि विचारलं, "आई, इथलं अक्षर कुठे गेलं?"

आई नव्या कीबोर्डवर लिहीत होती. वाक्य अर्धंच होतं. तिने हात उचलले, खुर्ची मागे सरकवली आणि पूर्ण वळून मुंगीसमोर बसली.

"तुझ्याबद्दल विचारून विचारून पुसलं," ती म्हणाली.

हे उत्तर मला चेहऱ्यावरून वाचावं लागलं नाही. ते खोलीत मोठ्याने आलं. मी ऐकलं, आणि माझ्याआधी मुंगीने ऐकलं.